वर्तुळात मावलेली कथा : प्राचीन ग्रीकांची चांदीची नाणी

ग्रीक पुराणकथांशी साहित्याच्या विद्यार्थ्याची ओळख बहुधा तीन वाटांनी होते. पहिली वाट होमरच्या महाकाव्यांची, दुसरी अथेन्सच्या शोकात्मिकांची, आणि तिसरी ओव्हिडसारख्या रोमन कवींनी केलेल्या पुनर्कथनांची. या तिन्ही वाटा शब्दांच्या आहेत. त्या जगातला सामान्य माणूस मात्र आणखी एका वाटेने आपल्या देवादिकांना रोज भेटत होता आणि ती वाट त्याच्या मुठीत होती. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकापासून ग्रीक नगरराज्ये चांदीची नाणी पाडू लागली आणि प्रत्येक नगराने आपल्या नाण्यासाठी पुराणातला एक देव, एक प्राणी किंवा एक क्षण निवडला. या निवडीकडे आपण सहसा नाणकशास्त्रज्ञांचा विषय म्हणून पाहतो. आम्हांस ती साहित्याच्या अभ्यासकाचीही बाब वाटते. कथेतले काय घेतले आणि काय टाकले, हे पाहणे म्हणजे तिच्यावरचे भाष्य वाचणेच होय. आणि ग्रीक नाणी हे पुराणकथेवरचे सर्वांत संक्षिप्त, तरीही सर्वाधिक हातांतून फिरलेले भाष्य आहे.

प्रथम या माध्यमाची मर्यादा लक्षात घेऊ. चार द्राख्मांचे अथेन्सचे नाणे सुमारे 17 ग्रॅम वजनाचे आणि जेमतेम अडीच सेंटिमीटर व्यासाचे असे. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर चांदीची तापवलेली चकती, तिच्यावर दुसरा ठसा, आणि त्यावर हातोड्याचा घाव. एवढ्या जागेत कथानक सांगता येत नाही. आधी काय झाले, मग काय झाले, याला तेथे वाव नाही. म्हणून ठसा कोरणाऱ्याला कथेतून असे एकच चिन्ह उचलावे लागे, की ते पाहताच उरलेली कथा पाहणाऱ्याच्या मनात आपोआप उभी राहावी. भाषेचा इतिहासही येथे बोलका आहे. ठशाने उमटवलेल्या खुणेला ग्रीक भाषेत 'खाराक्तेर' म्हणत. पुढे हाच शब्द माणसाच्या स्वभावाला लागू झाला आणि इंग्रजीतून 'कॅरेक्टर' होऊन आपल्या समीक्षेत येऊन बसला. युरिपिडीजच्या इ. स. पू. 431 मधील 'मीडिया' नाटकात नायिका तक्रार करते, की खोटे सोने ओळखण्याच्या खुणा देवाने माणसाला दिल्या, परंतु दुष्ट माणूस ओळखता यावा अशी कोणतीही खूण त्याच्या देहावर उमटवली नाही. या तक्रारीत ती वापरते तो शब्द हाच.

आता अथेन्सचे नाणे पाहू. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना; दुसऱ्या बाजूला घुबड, ऑलिव्हची डहाळी आणि नगराच्या नावाची आल्फा, थीटा, एप्सिलॉन ही तीन अक्षरे. अथेन्सच्या स्वामित्वासाठी अथीना आणि समुद्रदेव पोसायडन यांच्यात स्पर्धा झाली. पोसायडनने खाऱ्या पाण्याचा झरा दिला, अथीनेने ऑलिव्हचे झाड दिले आणि नगर तिचे झाले, अशी कथा आहे. पार्थेनॉनच्या पश्चिमेकडील त्रिकोणी शिल्पपटात हीच स्पर्धा भव्य आकारात कोरलेली होती. नाण्यावर पोसायडनला स्थान नाही. तेथे केवळ निकाल उरला आहे, ऑलिव्हच्या दोन पानांएवढा.

हे नाणे ज्या चांदीचे होते ती अथेन्सजवळच्या लॉरिऑनच्या खाणींतली. हिरोडोटस सांगतो, की खाणीच्या उत्पन्नातून प्रत्येक नागरिकाला 10 द्राख्मा वाटण्याचा विचार चालला असता थेमिस्टोक्लीजने अथेन्सकरांचे मन वळवले आणि त्या पैशातून 200 युद्धनौका बांधवल्या. याच आरमाराने इ. स. पू. 480 मध्ये सालामिसच्या सामुद्रधुनीत इराणी नौदलाचा पराभव केला. त्या युद्धानंतरच्या नाण्यांवर अथीनेच्या शिरस्त्राणाला ऑलिव्हच्या पानांची माळ आली आणि घुबडाच्या मागे चंद्रकोर उगवली.

या नाण्याची आणखी एक विशेषता वाचकाने टिपावी. अथीनेचा चेहरा बाजूने दिसतो, पण डोळा मात्र समोरून पाहिल्यासारखा, बदामी आकाराचा आहे. ही जुन्या, आर्ष शिल्पाची रीत होती. फिडियसच्या काळातल्या कलावंतांना बाजूने दिसणारा डोळा नीट कोरता येत होता. तरीही नाण्यावरचा जुना डोळा पाचवे शतक संपेपर्यंत टिकला. कारण उघड आहे. इजिप्तपासून सीरियापर्यंतचा व्यापारी 'घुबड' म्हणून जे नाणे डोळे झाकून घेत होता, त्याचा चेहरा बदलला तर त्याचा विश्वासही डळमळला असता. कलेने जेथे पुढे जायचे टाळले, तेथे बाजाराने तिला थांबवले होते.

अथेन्सच्या नाटककारांना या प्रतिमेचे मोल कळत होते. 'पक्षी' या इ. स. पू. 414 च्या सुखात्मिकेत ॲरिस्टोफेनिस परीक्षकांना आश्वासन देतो, की लॉरिऑनची घुबडे तुमच्या घरी वस्तीला येतील, थैलीत घरटी बांधतील आणि चिल्लर उबवतील. नऊ वर्षांनी लिहिलेल्या 'बेडूक' या नाटकात हसू कडवट झाले आहे. दरम्यान स्पार्टाने डेकेलियाचा तळ बळकावला होता, गुलाम पळाले होते, खाणींचे काम थंडावले होते आणि अथेन्सला तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली नाणी काढावी लागली होती. त्या नाटकातला समूह नगराला सुनावतो, की तुम्ही जुनी खणखणीत नाणी बाजूला सारून काल-परवाची हिणकस नाणी चालवता आणि माणसांच्या बाबतीतही हेच करता. नाण्याचा कस आणि नागरिकाचा कस यांची ही तुलना प्रेक्षकांना समजावून सांगावी लागली नसेल. हिणकस नाणी त्यांच्याच थैलीत होती.

कॉरिंथ नगराचे नाणे वेगळ्या प्रकारे बोलके आहे. त्यावर पंख असलेला घोडा पेगॅसस उडतो आणि त्याच्या पोटाखाली नगराच्या जुन्या नावाचे आद्याक्षर 'कोप्पा' असते. या नाण्यांना लोक लाडाने 'शिंगरे' म्हणत. कथा अशी की पेगॅसस कॉरिंथच्या पायरीनी झऱ्यावर पाणी पीत असता बेलेरोफोनने त्याला अथीनेने दिलेला लगाम घातला, त्याच्यावर बसून कायमेरा या राक्षसी प्राण्याला मारले आणि शेवटी गर्वाने देवलोकात उडत जाऊ पाहिले तेव्हा तो खाली कोसळला. 'इलियड'च्या सहाव्या सर्गात बेलेरोफोनची कथा येते, परंतु तेथे पंखांचा घोडा नाहीच. आहे तो देवांचा रोष ओढवून माळरानावर एकटाच भटकणारा माणूस. कॉरिंथने नेमके उलट केले. बहुतेक नाण्यांवर स्वार गाळला आणि घोडा ठेवला. स्वाराला अधःपात आहे, घोड्याला नाही.

यात एक सुंदर योगायोग आहे. इ. स. पू. 464 मध्ये कॉरिंथच्या झेनोफोन नावाच्या विजयी क्रीडापटूसाठी पिंडारने जे स्तोत्र रचले, त्यात लगामाची कथा विस्ताराने येते. पण बेलेरोफोनच्या शेवटाविषयी आपण मौन पाळू, असे कवी स्वतःच म्हणतो. दुसऱ्या नगराच्या विजेत्यासाठी रचलेल्या स्तोत्रात हाच पिंडार त्या पतनाची कथा सांगतो. म्हणजे कवीचे मौन आणि ठसा कोरणाऱ्याचे मौन एकाच यजमानाच्या दारात पाळले गेले. पुराणकथा कोणासमोर सांगितली जाते त्यावर तिचा शेवट अवलंबून असतो, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही सिद्धान्तग्रंथापेक्षा या नाण्याने अधिक स्पष्ट करून दिली.

कॉरिंथच्या लोकांनी सिसिली बेटावर वसवलेले नगर म्हणजे सिराक्यूज. परंपरेने त्याची स्थापना इ. स. पू. 734 च्या सुमारास मानली जाते. त्याच्या नाण्यांवर एका स्त्रीचे मस्तक आणि तिच्याभोवती पोहणारे डॉल्फिन दिसतात. ही अरेथ्यूसा. ती मूळची ग्रीसमधली वनदेवता. ऑलिंपियाजवळून वाहणारा नददेव आल्फिअस तिच्या मागे लागला. आर्टेमिस देवीने तिला पाण्याचे रूप दिले. ती समुद्राखालून वाहत जाऊन सिराक्यूजच्या ओर्तिजिया बेटावर झरा होऊन उगवली. तो झरा आजही तेथे आहे. ओव्हिडच्या 'मेटामॉर्फसिस'मध्ये अरेथ्यूसा स्वतः आपली कथा सांगते, आणि तिच्यात पाठलागाची दहशत प्रथमपुरुषी एकवचनात उतरली आहे. नाण्यावर त्या दहशतीचा लवलेश नाही. केस नीटस बांधलेले, चेहरा शांत, भोवती समुद्र. सिराक्यूजला पाठलाग नको होता. त्याला हवा होता तो समुद्राखालचा प्रवाह. मायभूमी सोडून आलेल्या वसाहतीला आपले पाणी तिकडचेच आहे असे सांगता येणे, ही त्या नगराची गरज होती. एका स्त्रीच्या पलायनाची कथा अशा रीतीने एका नगराच्या स्थलांतराची कथा झाली. हे करताना त्या स्त्रीची भीती पुसली गेली, हेही विसरू नये.

पाचव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास येथे किमॉन आणि एउआयनेतोस या कलावंतांनी जे ठसे कोरले, ते या कलेचे शिखर मानले जातात. दहा द्राख्मांची, सुमारे 43 ग्रॅमची त्यांची नाणी प्रसिद्ध आहेत. त्यांवर त्यांनी आपली नावेही कोरली. किमॉनचे नाव केसांच्या पट्टीवर किंवा डॉल्फिनच्या अंगावर इतक्या बारीक अक्षरांत असते, की शोधणाऱ्यालाच सापडावे. चार द्राख्मांच्या एका नाण्यावर त्याने अरेथ्यूसेला समोरून पाहणारी दाखवले आणि वर तिचे नावही दिले. राज्याच्या अधिकृत चलनावर कारागिराने आपली नाममुद्रा उमटवावी, ही घटना कर्तृत्वाच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे.

परंतु कथा कोणाची, हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो क्रीट बेटावरच्या क्नोसोस नगराच्या नाण्यांपाशी. मिनोटॉरची कथा आपणांस ठाऊक आहे ती अथेन्सच्या बाजूने. क्रूर राजा मिनोस, त्याला अथेन्सने द्यावयाचे सात तरुण आणि सात तरुणी, चक्रव्यूहातला बैलमुखी राक्षस, आणि त्याला मारून परतणारा अथेन्सचा वीर थिसियस. क्नोसोसने आपल्या चांदीच्या नाण्यांवर कोरला तो धावणारा मिनोटॉर आणि मागील बाजूस चक्रव्यूह. थिसियसचा तेथे मागमूस नाही. अथेन्सच्या कथेतला राक्षस आणि तुरुंग हीच क्नोसोसची मानचिन्हे झाली. पुढच्या काळातल्या नाण्यांवरचा चक्रव्यूह तर बोटाने गिरवून पाहावा असा आहे. त्यात फाटे नाहीत, फसव्या वाटा नाहीत. एकच वाट वळणे घेत घेत मध्यापर्यंत जाते. अशा चक्रव्यूहात कोणी हरवू शकत नाही आणि तेथे आरिआड्नीच्या दोऱ्याची गरजही पडत नाही.

प्लुटार्कने थिसियसच्या चरित्रात क्रीटच्या लोकांचा पक्ष नोंदवला आहे. त्यांच्या मते चक्रव्यूह हा एक साधा तुरुंग होता, राक्षस वगैरे काही नव्हते. त्यावर प्लुटार्क म्हणतो, की ज्या नगराजवळ वाणी आणि वाङ्मय आहे त्याच्याशी वैर घेणे महागात पडते. अथेन्सच्या रंगभूमीने मिनोसची कायमची बदनामी केली. साहित्याचा अभ्यास करणाऱ्या आणि शिकवणाऱ्या आपण सर्वांनी या वाक्यापाशी थोडे थांबावे. आपल्या हाती जे वाङ्मय आले ते बव्हंशी अथेन्सचे आहे. क्नोसोसच्या नाटककारांची एकही शोकात्मिका आपण शिकवत नाही. त्या नगराची स्वतःची बाजू जर कोठे आपल्या डोळ्यांसमोर येत असेल, तर ती या चांदीच्या चकत्यांवर. नाणे हे त्या अर्थाने मूक झालेल्यांचे वाङ्मय आहे.

चौथ्या शतकाच्या उंबरठ्यावर पुराणप्रतिमेचा राजकीय वापर अधिक उघड झाला. ऱ्होड्स, एफिसस, सामोस, बायझँटियम आदी नगरांनी एकाच छापाची नाणी पाडली. दर्शनी बाजूस दोन साप गळा आवळून मारणारा बाल हेराक्लीस आणि सोबत 'सिन', म्हणजे 'मिळून', याची तीन अक्षरे; मागील बाजूस मात्र ज्याचे त्याचे चिन्ह, ऱ्होड्सचे गुलाब, एफिससची मधमाशी. ही एकजूट अथेन्सविरुद्ध की स्पार्टाविरुद्ध, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण पाळण्यातले मूल म्हणजे आपण आणि साप म्हणजे आपल्याला गिळू पाहणारी सत्ता, हे रूपक कळण्यास भाष्यकाराची गरज नव्हती.

दोन पिढ्यांत हाच हेराक्लीस साम्राज्याचा चेहरा झाला. मॅसिडोनियाचे राजघराणे स्वतःला हेराक्लीसचे वंशज म्हणवी. अलेक्झांडरच्या चांदीच्या नाण्यांवर सिंहाचे कातडे मस्तकावर ओढलेला हेराक्लीस आहे आणि मागे सिंहासनावर बसलेला, हातावर गरुड घेतलेला झ्यूस. टार्ससच्या लोकांनी त्या झ्यूसमध्ये आपला बाल देव पाहिला असेल, कारण तेथील आधीच्या नाण्यांवरचा बाल जवळजवळ असाच बसलेला होता. मॅसिडोनियापासून बॅबिलोनपर्यंतच्या टांकसाळींतून हा छाप निघाला आणि अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर, इ. स. पू. 323 नंतरही, तो अनेक पिढ्या चालू राहिला. लोक त्या हेराक्लीसमध्येच अलेक्झांडरला पाहू लागले. पुढचे पाऊल त्याच्या सेनापतींनी टाकले. इजिप्तमध्ये टॉलेमीने हत्तीच्या मस्तकाचे कातडे पांघरलेला अलेक्झांडर कोरवला. सिंहाच्या जागी हत्ती आला तो भारतावरील स्वारीची आठवण म्हणून. लिसिमाकसने त्याच्या कानाजवळ आमोन देवाचे मेंढ्याचे शिंग उमटवले. आणि मग टॉलेमीने स्वतःचाच चेहरा नाण्यावर आणला. ज्या जागी नगराचा देव होता तेथे आता राजा बसला. नगराने मिळून निवडलेली कथा संपली आणि एका माणसाची प्रतिमा सुरू झाली.

ही नाण्यांची परंपरा पूर्वेकडे आपल्यापर्यंत आली. उत्तर अफगाणिस्तानातील आय खानूम येथे 1970 मध्ये फ्रेंच उत्खननात अगाथोक्लीज या इ. स. पू. दुसऱ्या शतकातील ग्रीक राजाची सहा चौकोनी चांदीची नाणी सापडली. त्यांवर एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस ब्राह्मी लेख आहे. आणि देव आहेत चक्र-शंख धारण करणारा वासुदेव आणि नांगर-मुसळ घेतलेला संकर्षण. पुढे मिनँडरने, म्हणजे 'मिलिंदपञ्ह'तल्या मिलिंदाने, वज्र फेकणाऱ्या अथीनेभोवती खरोष्ठीत 'महाराज' आणि 'त्राता' ही बिरुदे लिहवली. 'पेरिप्लस' या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील सागरी प्रवासग्रंथात, मिनँडर आणि अपोलोडोटस यांच्या जुन्या द्राख्मा भडोचच्या बाजारात अजून दिसतात, अशी नोंद आहे.

भडोचच्या त्या टापूवर सत्ता गाजवणाऱ्या क्षहरात क्षत्रप नहपानाने हीच घडण उचलली. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचे मस्तक आहे आणि भोवती ग्रीक लिपीत प्राकृत शब्द आहेत. मागे बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे 1906 मध्ये नहपानाच्या 13,000 हून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. त्यांतील 9,000 हून अधिक नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. नाणी वितळवण्याचा खटाटोप त्याने केला नाही. पराभूत राजाच्या चेहऱ्यावर आपली खूण उमटली की पुरे होते. अनेक नाण्यांवर दोन्ही छाप एकमेकांतून डोकावतात, आणि जुने लिखाण पुसून त्यावर नवे लिहिलेल्या हस्तलिखिताची आठवण करून देतात.

प्रतिमा येथवर येता येता झिजल्या. शब्द मात्र आणखी पुढे आला. ग्रीक 'द्राख्मा' म्हणजे मूळात मूठभर. सहा ओबोल, म्हणजे सहा लोखंडी सळ्या, एका मुठीत मावत म्हणून. संस्कृत-प्राकृतात त्याचा 'द्रम्म' झाला, कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत द्रम्मांत मोजलेल्या रकमा येतात, आणि मराठीत त्याचा 'दाम' झाला. 'दामदुप्पट' म्हणताना किंवा 'छदामही मिळणार नाही' असे कोणाला बजावताना आपण अथीनेच्या घुबडाचे नाव घेत असतो, हे आपल्या ध्यानीमनीही नसते.

पुराणकथा शिकवताना आपण बहुधा कोशातला सारांश विद्यार्थ्यांपुढे ठेवतो, जणू कथेचे एकच प्रमाण रूप आहे आणि बाकी सारे पाठभेद. ग्रीक नाणी याची उलट साक्ष देतात. कॉरिंथने शेवट गाळला, सिराक्यूजने भीती गाळली, क्नोसोसने नायकच गाळला, आणि अलेक्झांडरच्या वारसांनी देवाच्या जागी माणूस आणला. यांतले कोणतेही रूप 'चुकीचे' नव्हते; प्रत्येक रूप त्या त्या बाजारात खरे म्हणून चालत होते. म्हणून यापुढे वर्गात थिसियसची कथा सांगताना क्नोसोसच्या नाण्याचे एक चित्र विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे आणि त्यांना एवढेच विचारावे, की या चित्रात कोण नाही. उत्तर शोधताना त्यांना कथेचा दुसरा पक्ष ऐकू येईल. आणि त्या पक्षाची नाटके आपल्यापर्यंत का पोचली नाहीत, हा प्रश्न ते स्वतःच विचारतील.